मनोहररावांनी मारबत परत केली

मनोहरराव पाठराबे आणि रुपराव धोटे यांची पहिली भेट झाली त्या सकाळी बोरगोंदीच्या शिवारातले झाडून सारे बगळे एकदम उडाले, ते म्हणे थेट उमरेडला जाऊन टेकले. आधी रुपरावांचा आवाज आला. रुपराव बऱ्याच वेळाने आले. मधल्या काळात मनोहररावांची अशी समजूत झाली की नागभीडची छोटी गाडी रूळ सोडून मिरचीच्या वावरात शिरली आहे. मग धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, एक माणूस उगवला. उंची साडेसहा फूट, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा धरून सात. छाती अशी की तिच्यावर गावाच्या नावाची पाटी टांगावी. त्याच्या हातातला विळा बघून मनोहररावांच्या हातातला हातोडा आपोआप खाली आला, तो त्यांच्याच अंगठ्यावर.

खरं सांगायचं तर रुपराव पाच फूट तीन इंचांचे, हडकुळे गृहस्थ होते आणि विळा गवतासाठी होता. पण मनोहररावांनी हा प्रसंग पुढे नागपुरात जितक्यांदा सांगितला तितक्यांदा रुपराव वाढत गेले, आणि शेवटी शेवटी तर ते धुऱ्यावर मावेनासे झाले.

“काय करून राहिले जी?” रुपरावांनी विचारलं.

“कुंपण घालून राहिलो,” मनोहरराव अंगठा तोंडात धरून म्हणाले.

“काहून?”

“काहून म्हणजे? माझी जागा आहे.”

“तुमचीच हाये नं. मी कुठं नाही म्हणतो.” रुपरावांनी नव्या घराकडे पाहिलं. परक्याच्या मांडवात जेवायला बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. “इथं राहान तुमी? कायमचे?”

“कायमचे.”

“शिवेवर?”

“शिवेवर.”

“बरं,” असं म्हणून रुपराव गवत कापायला निघून गेले. मनोहररावांच्या मते ही सरळ सरळ धमकी होती.

मनोहरराव नागपूरच्या महापालिकेत सफाईचे इन्स्पेक्टर होते. अख्खी नोकरी त्यांनी चालत केली. एका जागी बसणं हा त्यांना आजार वाटे. जेवतानाही त्यांचा एक गुडघा उठायच्या तयारीत असे, आणि लग्नाच्या पंगतीत बसले तर दुसऱ्या वाढपात ते उठून आचाऱ्याचे हात तपासून येत. “यांच्या कुंडलीत बूड नाही,” असं उत्तराबाई म्हणायच्या. सत्याहत्तर साली ते रिटायर झाले आणि धंतोलीतल्या त्यांच्या गल्लीवर संकट कोसळलं. त्यांनी शेजाऱ्यांच्या मोऱ्या तपासल्या, घरमालकाची पाण्याची टाकी तपासली, आणि दूधवाल्याला त्याच्याच म्हशीसमोर हात धुवायला लावले. मुलगी जया प्रताप नगरात राहत होती. ती म्हणाली, आमच्याकडे या. पण जावई गिरिधर एकदा खुर्चीत बसला की खुर्चीचाच भाग होऊन जाई. त्याच्या शेजारच्या खुर्चीत आपलं म्हातारपण बसलेलं मनोहररावांना दिसलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. त्यातूनच ही जागा आली, भिवापूरच्याही पुढे, बोरगोंदी गाव जिथे संपतं अगदी तिथे. गावातल्या कोणीच आजवर तिथे घर का बांधलं नव्हतं, हे विचारायला ते थांबले नाहीत. थांबणं त्यांना जमतच नसे.

उत्तराबाई जन्माच्या धंतोलीकर. उमरेड रोडवरचा नाका ओलांडला की त्यांच्या हिशेबी परमुलूख सुरू होई. सामान बांधताना त्या जयाला म्हणाल्या, “परदेशी चालली वं मी. तुझ्या बापानं तिकीट काढलं.”

परदेशातलं घर मात्र देखणं होतं. तीन खोल्या, पुढे अंगण, आणि मागे मनोहररावांच्या आयुष्याची कमाई असा पक्का संडास, हिरव्या रंगाच्या दाराचा. बोरगोंदीतला तो पहिला. पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी तो दाखवला जाई. पुढच्या दारावरच्या पाटीवर घराचं नाव होतं ‘आरोग्य निवास’.

राहायला येऊन पंधरवडा झाला आणि पोळा आला. बैलांची पूजा झाली, गावाने पुरणपोळ्या खाल्ल्या, सारं निर्विघ्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मनोहररावांना कुंपणाबाहेर आरडाओरडा ऐकू आला. ते कंदील घेऊन बाहेर येईतो माणसं पांगली होती. उजाडल्यावर पाहतात तो अंगणात कचऱ्याचा ढीग. पळसाच्या फांद्या, झिजलेल्या केरसुण्या, फुटकी गाडगी, चिंध्या, एक उसवलेली चप्पल आणि राख.

नागपूरच्या माणसाला मारबत माहीत नाही असं नाही. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, दुमजली घराएवढ्या बायांचे पुतळे, पुढे बँड, मागे गर्दी, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडणारी पोरं. गावावरची ईडा पीडा तिच्याबरोबर पाठवायची आणि तिला जाळून टाकायचं. मनोहरराव वर्षानुवर्षं त्या मिरवणुकीच्या मागे झाडूवाल्यांची पलटण घेऊन चालले होते. पण त्यांच्या लेखी मारबत म्हणजे पुतळा. बँडशिवाय, रंगाशिवाय, नुसत्या पळसाच्या फांद्यांचीही मारबत असते, आदल्या रात्री त्या घरोघर दारात ठेवतात आणि पहाटे शिवेबाहेर नेऊन टाकतात, हे त्यांच्या खात्याने त्यांना कधी कळवलं नव्हतं.

“हा खोडसाळपणा आहे,” मनोहरराव म्हणाले. रागावले की ते सरकारी मराठी बोलत. “सदर कचरा कोणाचा आहे हे मला ठाऊक आहे.”

“कोणाचा?” उत्तराबाईंनी विचारलं.

“मला ‘काहून’ म्हणून विचारणाऱ्याचा.”

त्यांनी तो ढीग स्वतःच्या हाताने उचलला. एक चिंधी मागे राहू दिली नाही. हातगाडीवर रचला, गावातून भर सकाळी ढकलत नेला आणि रुपरावांच्या दारात नीट उतरवला. निम्मं गाव आपापल्या उंबऱ्यात उभं होतं. मग, माणूस कितीही वाईट असला तरी त्याच्या घरात रोगराई होऊ नये म्हणून, त्यांनी खिशातून पुडी काढून ढिगावर पांढरी जंतुनाशक पावडर भुरभुरली. ती भुरभुरताना तोंडाने ‘आठ इंचांवरून, समप्रमाणात’ असं पुटपुटण्याची त्यांना नोकरीपासूनची सवय होती.

रुपरावांची बायको पंचफुला दारात आली. तिच्या हातातला पाण्याचा गुंड खाली पडला.

“तुमची वस्तू,” मनोहरराव म्हणाले. “पुन्हा माझ्या अंगणात येऊ नये.”

मनोहरराव रिकामी गाडी खडखडवत घरी आले आणि त्या दिवशी त्यांनी चक्क अर्धा तास बसून चहा घेतला. त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांना असं बसायला मिळालं नाही.

आधी फाटक गेलं. ते नाल्यात पालथं सापडलं. मग ‘आरोग्य निवास’वर बैलगाडीचं वंगण फासलं गेलं, तेही इतक्या निगुतीने की फक्त ‘रोग निवास’ एवढंच वाचता यावं. कुंपणाची तार कापून नेली. ती काटेरी तार गावात कपडे वाळवायला वापरली गेली आणि बोरगोंदीतली धोतरं ठिकठिकाणी फाटू लागली, त्याचंही खापर मनोहररावांवरच फुटलं. मनोहररावांनी लावलेल्या मिरचीच्या रोपांत कोणाचे तरी बैल शिरले. दुकानदाराला काडीपेटी मागितली की ती संपलेली असे. वाटेने मनोहरराव येताना दिसले की बाया पदर तोंडाशी धरून दुसऱ्या बाजूने जात, आणि म्हातारे पायाखालची माती उचलून मागे फेकत.

मनोहरराव दिवसभर कुंपणाच्या कडेने फेऱ्या घालू लागले. जेवणाचं ताट हातात घेऊन घालू लागले. वाऱ्याने पान हललं की “कोण आहे तिकडे” म्हणून दचकवणारा आवाज देत. त्यांनी सूचनांच्या पाट्या लावल्या. पाट्याही गेल्या; त्यातली ‘प्रवेश निषिद्ध’ ही पाटी नंतर रुपरावांच्या गोठ्यात गव्हाणीचं भोक बुजवताना दिसली. भिवापूरच्या ठाण्यात जाऊन त्यांनी तक्रार सांगितली. हवालदाराने सगळं शांतपणे ऐकलं आणि तो म्हणाला, “साहेब, कोणावर संशय हाये?” मनोहरराव म्हणाले, “गावावर.” हवालदार म्हणाला, “साऱ्या गावाले बसवाले आमच्याकडे जागा नाही जी.”

एका सकाळी उत्तराबाईंची जास्वंद उपटलेली दिसली. धंतोलीच्या घरून कुंडीतून मांडीवर आणलेलं ते एकच झाड होतं. त्यांनी मुळं धुतली, दुसरा खड्डा केला, झाड पुन्हा लावलं, आणि दिवसभर नवऱ्याकडे पाहिलं नाही. मनोहररावांना कोणी शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

मग उन्हाळ्यात संडासाचं दार गेलं. बिजागऱ्यांसकट. उत्तराबाईंनी तिथे गोणपाट बांधला, आणि पहिल्याच वावटळीत तो गोणपाट नको त्या वेळी उडाला.

त्या संध्याकाळी मनोहरराव फेरी घालून आले तर उत्तराबाई पायरीवर बसल्या होत्या.

“बसा,” त्या म्हणाल्या.

“बोल ना, मी ऐकून राहिलो.”

“बसा म्हटलं.” मनोहरराव बसले. “मी पोळ्यापर्यंत पाहते. तोवर हे थांबलं तर ठीक. नाही तर मी जयाकडे चालली. तुम्हीही या. गिरिधरजवळची खुर्ची रिकामीच असते.”

मनोहरराव ताडकन उठले आणि अंधार पडेपर्यंत घराभोवती चालत राहिले. उत्तराबाई एकदा बोलल्या की बोलल्या, हे त्यांना चाळीस वर्षांत कळलं होतं. पोळ्यापर्यंत गाव वळलं नाही तर हे घर सुटणार, आणि मरेपर्यंत जावयाशेजारी बसावं लागणार. चालता चालता त्यांना ती खुर्ची दिसत होती. तिच्यावर गिरिधरने हाताने विणलेली उशीसुद्धा ठेवली होती.

उत्तराबाईंनी मात्र चालण्यात वेळ घालवला नाही. पंचफुलेच्या अंगणात बाया मिरच्यांचे देठ काढायला बसत. दुसऱ्या दिवशी उत्तराबाई उठल्या आणि न बोलावता त्यांच्यात जाऊन बसल्या. बाया चार हात सरकल्या. उत्तराबाई मुकाट देठ काढत राहिल्या. असं चारपाच दिवस चाललं. मग एकदा त्यांना शिंकांचा असा सपाटा लागला की थांबेचना, आणि पंचफुलेला हसू आवरलं नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

“हात नका लावू वं डोळ्याले,” ती म्हणाली. “जाळ होईन.”

“आमचं काय चुकलं वं?” उत्तराबाईंनी तांब्या धरूनच विचारलं.

“तुमचं नाही. तुमच्या साहेबाचं. मारबत परत आणून टाकली नं माह्या दारात. साऱ्या गावाची. अन् वरून पांढरी पावडर टाकून मंतरली. मी आपल्या कानानं मंतर आयकला.”

मग सगळ्याच बाया बोलू लागल्या. गावाने वर्षभराची ईडा पीडा शिवेबाहेर घालवली होती आणि या माणसाने ती हातगाडीवर घालून वाजतगाजत घरी आणली होती. त्याच महिन्यात रुपरावांचा बैल बसला. कवडूच्या घरी सगळ्यांना खरूज झाली. विहिरीचा दोर दोनदा तुटला. शाळेचा मास्तर बदलून गेला.

“मास्तरच्या बदलीत मारबतीचं काय?” उत्तराबाई म्हणाल्या.

“वा जी. चांगला लग्न जमवून बसला होता इथं. ईडा पीडा लागल्याबिगर माणूस तसा जाते का?”

उत्तराबाई इतक्या हसल्या की शेवटी मिरचीचा हात डोळ्याला लागलाच. घरी आल्या त्या रडत. मनोहरराव काठी घेऊन बाहेर धावले. त्यांना थांबवून, डोळे धूत धूत, त्यांनी सगळं सांगितलं.

“अज्ञान,” मनोहरराव म्हणाले. खोलीतल्या खोलीत त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. “निव्वळ अज्ञान. अर्धं आयुष्य मी मारबतीच्या मागे झाडू घेऊन चाललो. मारबत मले कोणी शिकवावी?”

“तिथं तुम्ही तिच्या मागे चालत होते,” उत्तराबाई म्हणाल्या. “इथं तिच्या घरात राहून राहिले.”

मनोहररावांच्या फेऱ्या थांबल्या. लग्नानंतर असं क्वचितच झालं होतं.

आठ दिवस त्यांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून काढले. आषाढ संपत आला तसे मग एका सकाळी ते धुऱ्यावर जाऊन उभे राहिले. पलीकडे रुपराव निंदण करत होते.

“ती पावडर जंतुनाशक होती,” मनोहरराव हवेकडे पाहून म्हणाले.

“अशी?” रुपराव मान वर न करता म्हणाले. “अन् मंतर?”

“मंत्र नाही. मोजमाप होतं.”

रुपरावांनी गवताची मूठ झटकली. “साहेब, आमच्या आज्याच्या आज्यापासून तिथंच टाकतो आमी. घेऊन गेलेलं कोणी परत आणलं नव्हतं. लोकाले वाटलं, हा माणूस गावाचं वाईट पाहाले आला.”

“मग ती नाल्यापलीकडे टाका ना.”

“पलीकडे दुसऱ्या गावाची शीव. ते टाळकं फोडतीन.”

“मग मी करू काय?”

“ज्यानं आणली त्यानंच नेली पायजे. हातानं. माह्या दारातून. गाडीबिडी नाही.”

“नेऊन टाकायची कुठे? माझ्याच अंगणात?”

“शीव तिथंच हाये, साहेब. तुमी तिच्यावर घर बांधलं त्याले आमी काय करावं?”

सफाईच्या इन्स्पेक्टराने गावभराचा कचरा स्वतःच्या हाताने स्वतःच्या अंगणात नेऊन टाकायचा, असा हा तह होता. मनोहरराव धुऱ्यावरच चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करू लागले. त्यांच्यासमोर एकीकडे तो ढीग होता आणि एकीकडे गिरिधरची उशी. शेवटी ते घासाघीस करायला लागले. ढीग कुंपणाच्या कोपऱ्यात पडेल, ओट्यासमोर नाही. मान्य. त्यावर पावडर टाकायची नाही. मान्य. तो जाळायची मुभा मनोहररावांना, पण केव्हा? रुपराव म्हणाले, दिवस बुडाल्यावर. मनोहरराव म्हणाले, लगेच. दुपार कलल्यावर, इथे दोघांचं जमलं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मनोहरराव आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून रुपरावांच्या दारात हजर झाले. सगळं गाव जमलं होतं आणि कोणी हसत नव्हतं. पंचफुलेने दारातल्या पळसाच्या फांद्यांकडे बोट केलं. मनोहररावांनी त्या दोन्ही हातांनी छातीशी धरल्या. प्रत्येक घरापाशी भर पडत गेली, फांद्या, केरसुण्या, चिंध्या, आणि नाकावर एक फुटकं सूप. पुढे मनोहरराव, मागे बोरगोंदी.

“माश्या, मुरकुटं घेऊन जा गे मारबत,” कवडूने आवाज दिला.

“जा गे मारबत,” गाव म्हणालं. मनोहररावांचे ओठ नुसते हलले.

“बोला जी साहेब,” मागून रुपराव म्हणाले. “मुक्यानं जात नाही ते.”

“खोकला, खरूज घेऊन जा गे मारबत.”

“जा गे मारबत,” मनोहरराव म्हणाले. आवाज बरा निघाला. मिरवणुका हाकलून तो तयार झालेला होता. पुढच्या वळणापर्यंत तो गावाच्या वर चढला. ढेकूण गेले, मिरचीवरचा मुरडा गेला, बैलांचे रोग गेले, आणि दर वेळी मनोहररावांचं “जा गे मारबत” सगळ्यांच्या आधी सुरू होऊन सगळ्यांच्या नंतर संपू लागलं. त्यांना मजा यायला लागली होती. कवडूही रंगात आला होता, आणि वर्षभर गोठ्यांत, पारावर, विहिरीवर घोकलेली ओळ त्याच्या तोंडून निसटली.

“पाठराबे साहेबाले घेऊन जा गे मारबत.”

गाव एकदम गप्प झालं. त्या शांततेत एकटे मनोहरराव खणखणीत आवाजात ओरडले, “जा गे मारबत.”



“साहेब,” रुपराव हळूच म्हणाले, “तुमचं नाव होतं जी त्यात.”

“ऐकलं मी,” मनोहरराव सुपाआडून म्हणाले. “कामात खंड नको. पुढचं घ्या.”

मग बोरगोंदी जी हसायला लागली ती शिवेपर्यंत हसत गेली. पंचफुला तर धुऱ्यावर बसूनच राहिली.

ढीग कोपऱ्यात पडला. दुपार कलेपर्यंत मनोहरराव हात पाठीशी बांधून त्याच्याभोवती फिरत होते. त्यावर बसणाऱ्या माश्या बघून त्यांचा हात पुन्हा पुन्हा खिशाकडे जात होता. खिशातली पुडी उत्तराबाईंनी सकाळीच काढून घेतली होती. ऊन उतरलं तशी त्यांनी काडी ओढली आणि ढीग नीट जळेपर्यंत तिथून हलले नाहीत.

संध्याकाळी माणसं आली. दोघांनी डोक्यावरून संडासाचं दार आणलं. कोणी फाटकाची कडी आणली, कोणी तारेचं वेटोळं. कुठून आणलं हे कोणी सांगितलं नाही, मनोहररावांनीही पंचनामा केला नाही. रुपरावांनी स्वतः बिजागऱ्या ठोकल्या. पंचफुलेने उत्तराबाईंना जास्वंदीची तीन कलमं दिली. उत्तराबाईंनी शब्द पाळला आणि जयाला निरोप पाठवला की मी येत नाही.

त्यानंतर त्या घराचं एक पानसुद्धा कोणी तोडलं नाही. मनोहरराव पहाटे उठून कुंपण तपासत, तर ते जिथल्या तिथे. फाटक बंद. पाटीवर डाग नाही. वाटेने माणसं ‘राम राम साहेब’ म्हणून जात. दुकानात काडीपेटी पहिल्या शब्दाला मिळे. त्यांनी रुपरावांना बजावलं की गोठ्याचं पाणी धुऱ्याकडे येतं. रुपराव “हो जी” म्हणाले आणि त्याच दिवशी नाली खणली. त्यांनी विहिरीपाशी चिखल होतो म्हणून दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी गावानेच दगड बसवले. दिवाळीपर्यंत मनोहररावांनी धड असलेलं फाटक दोनदा काढून पुन्हा बसवलं. उत्तराबाई जेवणं आटोपली की पंचफुलेकडे जाऊन बसत त्या दिवेलागणीला येत. मनोहरराव ओट्यावर एकटे उरत. तिथे त्यांनी बसून पाहिलं. जमलं नाही.

जानेवारीत पंपाचा वॉशर गेला. “नागपूरहून घेऊन येतो,” मनोहरराव म्हणाले.

“भिवापुरात मिळते ना,” उत्तराबाई म्हणाल्या.

“तिथला टिकत नाही.”

“या मग.”

ते प्रताप नगरात जयाकडे उतरले. तिथे नवी वस्ती होती आणि नाल्या उघड्या होत्या; मनोहरराव उजाडताच त्या तपासायला निघत आणि गिरिधरजवळची खुर्ची रिकामीच राही. वॉशर शेवटी रुपरावांनी भिवापुरातून आणून बसवला. मनोहरराव जावयाकडेच राहिले, उत्तराबाई बोरगोंदीत. पहिली दोन वर्षं ते पोळ्याला गेले, मग गेले नाहीत.